खो म्हणजे गो नव्हे

"मुलगी, आणि फुटबॉल? अगं सुमित्रा, नाकाचं हाड मोडलं तर जन्मभर निस्तरत बसशील!"

प्रतिमाकाकूंनी हे मंडळाच्या गणपतीत, प्रसादाचा द्रोण हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. एका अमेरिकन शाळेच्या कॅफेटेरियात गणपती मांडलेला, आरती नुकतीच संपलेली, त्यामुळे आवाज चांगलाच घुमला. आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. सुमित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाकाचं माझं मी बघेन काकू, तुम्ही शिरा खा, गार होतोय." तिचा नवरा मोहन मागून पुटपुटत होता, "सोड ना यार." पण सोडेल ती सुमित्रा कसली!

आणि का म्हणून सोडावं? इचलकरंजीच्या मैदानावर जिचं अख्खं लहानपण गेलं, विद्यापीठाच्या संघातून जी खो-खो खेळली, जिच्या गुडघ्यांवरचे व्रण अजून गेलेले नाहीत, तिला ह्या काकू खेळातली इजा शिकवणार! लग्न झालं आणि खो-खो सुटला. २००१ साली मोहनबरोबर ती नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला आली, तर इथल्या सरकारी भाषेत तिचं नाव पडलं डिपेंडंट. व्हिसा नवऱ्याचा, हिला नोकरी करायची परवानगी नाही. पार्टीत लोक मोहनला विचारायचे, "कुठल्या कंपनीत?" आणि मग हिच्याकडे वळून, "तुम्ही घरीच का?" त्या 'च'चा तिला इतका संताप यायचा की एकदा तिने "नाही, अंगणात पण जाते" असं उत्तर दिलं होतं. मोहन परतताना गाडीत गप्प बसला होता. बसू दे.

तर तिची ही नेत्रा. बारा वर्षांची, काटक, कमी बोलणारी, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. २००६च्या उन्हाळ्यात तिने शेजारच्या मुलांबरोबर वस्तीतल्या फुटबॉल क्लबात नाव घातलं. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेट घालून धडका मारायचा. मुलींना मनाई नव्हती एवढंच, बोलावलंही कुणी नव्हतं. तिथला कोच रॉय म्हणजे सत्तरीकडे झुकलेला, लालबुंद चेहऱ्याचा, दातांत कायम टूथपिक धरलेला गडी. त्याने आठवडाभर नेत्राला पळताना पाहिलं आणि सरळ क्वार्टरबॅक करून टाकलं. क्वार्टरबॅक म्हणजे दर डावाला चेंडू ज्याच्या हातात येतो आणि खेळ जो चालवतो तो.

झालं! इतर मुलांचे बाप खवळले. त्यांचा म्होरक्या गॅरी. क्लबाचा सेक्रेटरी हाच, आणि ह्याचा मुलगा ब्रँडन त्याच संघात बदली खेळाडू. गॅरीला मुलगी तर नको होतीच, पण रॉय जो खेळ शिकवायचा तोही नको होता. रॉय शिकवायचा विशबोन. "आमच्या बापजाद्यांच्या काळातलं आहे हे, जरा बॉल फेकायला शिकवा!" असं गॅरी बाकावरून ओरडायचा.

सुमित्रा पहिल्यांदा सराव बघायला गेली तेव्हा कुंपणाला टेकून नुसती बघत राहिली. क्वार्टरबॅकच्या मागे एक दांडगा मुलगा, त्याच्याही मागे दोन बाजूंना दोन चपळ मुलं. कोंबडीच्या छातीच्या हाडासारखी मांडणी, म्हणून नाव विशबोन. सुमित्राला दिसलं ते बेचकं. लांब फेकाफेक जवळजवळ नाहीच. नेत्राने चेंडू दांडग्याच्या पोटाशी न्यायचा आणि समोरच्या एका गड्यावर नजर ठेवायची. तो दांडग्यावर झेपावला तर चेंडू काढून घेऊन स्वतः पळायचं, नाही झेपावला तर देऊन टाकायचा. पळताना पुढे दुसरा गडी आडवा येतो. तो नेत्रावर आला तर चेंडू बाजूने, जरा मागून पळणाऱ्या चपळ मुलाकडे टाकायचा; तो त्या मुलाकडे वळला तर आपल्याकडेच ठेवायचा. कोच काठावर उभा राहून कितीही बोंबलला तरी उपयोग नाही. ज्याच्या हातात चेंडू, त्यानेच ठरवायचं, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"अगं बाई, हा तर खो-खो!" सुमित्रा एवढ्या मोठ्याने म्हणाली की गॅरीने वळून पाहिलं.

खो द्यायचा, की खो देतोय असं भासवून पुढे पळायचं, हेच तर तिने आयुष्याची पहिली वीस वर्षं केलं होतं! त्या दिवसापासून घरामागच्या हिरवळीवर तिचा वर्ग सुरू झाला. एका बाजूला नेत्रा, दुसऱ्या बाजूला शेजारचा टायलर, म्हणजे संघातला उजवीकडचा चपळ मुलगा. "खांद्याकडे बघू नकोस, खांदा फसवतो. कमरेकडे बघ. माणूस कमरेने जातो." आणि चेंडू टाकताना ओरडायचं, "खो!" पोटातून आला पाहिजे आवाज, तोंडातल्या तोंडात गिळलेला खो इचलकरंजीत कुणी चालवून घेतला नसता. टायलरला तो शब्द इतका आवडला की तो सायकलवरून जातानाही "खो, खो" करत जायचा. रॉयच्या कानावर ते पडत होतं, पण चेंडू बरोबर जातोय ना, मग त्याने काही विचारलं नाही.

संघ जिंकायला लागला. गॅरीचं तोंड बंद झालं. मोहनसुद्धा ऑफिसात सांगायला लागला, "माय डॉटर इज क्वार्टरबॅक."

आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी टायलर तापाने पडला. त्याच्या जागी ब्रँडन आला. सामना बरोबरीत, वेळ संपत आलेली. नेत्राने चेंडू दांडग्याच्या पोटाशी नेला, काढून घेतला, उजवीकडे पळाली. आडवा येणारा गडी कमरेसकट तिच्यावर आला. तिने "खो!" म्हणून चेंडू बाजूला टाकला. बाजूला कुणीच नव्हतं. ब्रँडन तिला ओलांडून भलतीकडेच पुढे धावत सुटला होता. चेंडू गवतावर टप्पे घेत गेला, समोरच्या संघातल्या मुलाने उचलला आणि तो पार शेवटच्या रेषेपर्यंत पळाला. सामना गेला.

सुमित्रा बाकावर ताडकन उभी राहिली. "ए गाढवा! व्हेअर आर यू गोइंग? आर यू ब्लाइंड?" साऱ्या मैदानाने ऐकलं. ब्रँडनने हेल्मेटमधून वर पाहिलं आणि मान खाली घातली.

पण खापर फुटलं नेत्रावर. पार्किंगमध्येच गॅरीने निकाल लावला: मुलगी घाबरली, डोळे मिटून चेंडू फेकून दिला, पुढच्या वेळेपासून ती क्वार्टरबॅक नाही, मागे कुठेतरी उभी राहील. "तिच्याच सेफ्टीसाठी." सेफ्टीसाठी म्हणे! बारा वर्षांच्या पोरीला चारचौघांत भित्री ठरवायचं आणि वर काळजीचा आव आणायचा! रॉय तिथेच उभा होता. टूथपिक चावत होता. एक अक्षर बोलला नाही.

गाडीत सुमित्राचा पट्टा सुरू झाला. गॅरी कसा, रॉय कसा, आणि तो ब्रँडन तर कसला नंदीबैल, बाजूने पळायचं सोडून पुढे काय धावतो!

"आई, स्टॉप इट," मागून नेत्रा म्हणाली. "ब्रँडन हर्ड 'गो'."

"काय?"

"मी 'खो' म्हटलं. त्याला ऐकू आलं 'गो'. कोचने शिकवलेला 'गो' म्हणजे, आय ॲम कीपिंग इट, तू पुढे जाऊन ब्लॉक कर. सो ही डिड. टायलरला तुझा वर्ड माहिती होता. ब्रँडनला कुणी सांगितलाच नाही."

मोहनने वळून शेजारी सुमित्राकडे पाहिलं. तिने दोन्ही शब्द स्वतःशीच म्हणून पाहिले: खो, गो.

सोमवारी ती सरावाला गेली. "कशाला तमाशा?" निघताना मोहन म्हणाला. "तमाशा त्यांनी केलाय," ती म्हणाली. रॉय मैदानाच्या कडेला खुणेचे प्लॅस्टिकचे शंकू मांडत होता. तिने त्याला सगळं सांगितलं: शब्द माझा, मी शिकवला, मुलगी घाबरली नव्हती, तिने बरोबर ओळखलं होतं की गडी तिच्यावर येतोय.

"येस मॅम," रॉय म्हणाला. "ते मला शनिवारीच दिसलं होतं. शब्दाचं ठाऊक नव्हतं, पण तिचा निर्णय बरोबर होता."

सुमित्राला आधी वाटलं आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही. "तुला दिसलं होतं? मग पार्किंगमध्ये वाचा गेली होती का तुझी?"

रॉयने टोपी मागे सरकवली. ह्या बापांशी भांडायचं माझं वय नाही राहिलं, तो म्हणाला. सीझन कसाबसा पार पाडायचाय. आणि वाटलं, मुलगी आहे, दोन दिवसांत विसरेल.

"विसरेल?" सुमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मराठी किती आणि इंग्रजी किती याचा हिशेब राहिला नाही. "लाज नाही वाटत? ज्याच्या हातात बॉल त्याने ठरवायचं, असं तूच शिकवतोस ना ह्या मुलांना? तिने ठरवलं, बरोबर ठरवलं, आणि तू मूग गिळून बसलास! अरे, तुझ्यापेक्षा ती पोर शूर!"

रॉयचा लाल चेहरा आणखी लाल झाला. "ओके, मॅम. आजपासून ती पुन्हा क्वार्टरबॅक. गॅरीचं मी बघतो."

"नो," मागून आवाज आला. हेल्मेट काखेत धरून नेत्रा उभी होती. "आधी सगळ्यांना सांगा, कोच. मग मी खेळेन."

रॉयने तिच्याकडे पाहिलं, मग शिट्टी फुंकली. मुलं गोळा झाली, कुंपणापाशी उभे असलेले बाप जवळ आले. त्याने टोपी काढली. "शनिवारी नेत्रा घाबरली नव्हती. तिने जे केलं तेच मी शिकवलंय. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि मी बोललो नाही." गॅरी काहीतरी बोलायला गेला, पण त्याच वेळी त्याचा फोन वाजला आणि तो फोन कानाला लावून गाडीकडे गेला.

सुमित्राला वाटलं, झालं. नेत्राने हेल्मेट चढवलं आणि तिच्याकडे वळली. "नाऊ यू, आई."

"मी काय?"

"तू त्याला गाढव म्हणालीस."

ब्रँडन मैदानाच्या टोकाला, एकटाच, गवतावर बसला होता. शिट्टी झाली तरी आला नव्हता. सुमित्रा त्याच्याजवळ जाऊन गुडघे मुडपून बसली. तू ऐकलास तो 'गो' नव्हता, तिने सांगितलं, माझ्या भाषेतला शब्द होता. तो तुला कुणी शिकवलाच नाही, चूक आमची. आणि मी तुला ओरडले, ती माझी. "आय ॲम सॉरी, बेटा."

मुलाने बुटाची नाडी ओढली. "म्हणजे मी पण बरोबरच पळालो?"

"हो. जे ऐकलंस त्याला अगदी बरोबर पळालास."

त्याने पार्किंगकडे पाहिलं. गॅरी गाडीला टेकून, पाठ करून, फोनवर हसत होता.

"मग हे माझ्या डॅडला सांगाल?" ब्रँडन म्हणाला. "शनिवारपासून तो माझ्याशी बोललेला नाही."