सुमतीताईची काळी जहाजं

फोनवर एक जपानी बाई होत्या आणि त्यांना अश्विनीशी बोलायचं होतं. अश्विनी माझी मुलगी, पंधरा वर्षांची. शाळेत गेली होती. "काही निरोप आहे का?" मी विचारलं. बाई अडखळल्या. मग म्हणाल्या, सुमती आज सकाळी हार्ट अटॅकने गेली... "मी तिची मावसबहीण," मी कसंबसं म्हणाले. "हो का? मला माहीत नव्हतं." त्या सुमतीताईच्या शेजारीण, मिचिको. माझी मुलगी त्यांना माहीत होती, मी नव्हते. खरं लिहायचं तर रडू नंतर आलं, आधी हेवाच वाटला.

आम्ही दोघी सनीव्हेललाच राहायचो. मी कॉम्प्युटरमधली, ती कॉलेजात इतिहास शिकवायची. आपल्या लोकांच्या पार्ट्यांमध्ये कुणीतरी तिला हमखास विचारायचं, "हिस्टरी? त्यात जॉब मिळतो?" आणि मला बरं वाटायचं. लहानपणापासून केस तिचे, गळा तिचा, मावशीचं कौतुक तिचं. निदान अमेरिकेत तरी मी एक पाऊल पुढे होते.

मग १९८५ साली कॉम्प्युटरच्या स्वस्त जपानी चिप्सनी बाजार भरला आणि प्रकाशची, माझ्या नवऱ्याची, सांता क्लारातली नोकरी गेली. तो टीव्हीसमोर बसून राहायचा. काही विचारलं की "ठीक आहे," एवढंच. त्याच सुमारास सुमतीताईचं लायब्ररीत भाषण झालं. १८५३ साली अमेरिकेच्या आरमाराची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली, त्याबद्दल. हॉल नोकऱ्या गेलेल्या माणसांनी भरलेला. एक धिप्पाड सुपरवायझर उठून ओरडला, "आम्ही त्यांना व्यापार शिकवला, आणि आता त्यांचाच बाजार आम्हाला बंद!"

सुमतीताईने आवाज चढवला नाही. "शिकवला? तोफा रोखून बंदरं उघडायला लावली. पुढच्या करारांत स्वतःच्या बंदरात जकात किती घ्यायची, तेही जपानच्या हातात ठेवलं नाही. तुमची नोकरी गेली, हे दुःख खरंच आहे. पण दुसऱ्याचं दार तोडण्याला व्यापार म्हणू नका."

मग मागच्या रांगेतून प्रकाश उठला. "मग ताई, आम्ही राग कुणावर काढायचा?" सुमतीताई स्टेजवरून खाली उतरली, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला नाही माहीत, प्रकाश. पण तू बोल." तो बोलला. घर, हप्ते, सकाळी उठायची वाटणारी लाज... मला एक शब्द न सांगितलेलं सगळं, त्या परक्या माणसांसमोर. मी पर्सचा पट्टा हातात आवळून ऐकत होते.

त्या भाषणावरून तक्रारी गेल्या. पुढच्या सेमिस्टरला कॉलेजने तिचा वर्ग कॅन्सल केला. मग तो वर्ग तिच्या वरच्या मजल्यावरच्या घरातच भरायला लागला. तो सुपरवायझर संत्री घेऊन यायचा, मिचिको चहा करायच्या. प्रकाश आणि अश्विनी दर गुरुवारी जायचे. मी त्यांना सोडायचे आणि खाली गाडीत बसून राहायचे. वरून हसणं ऐकू यायचं.

एकदा ती खाली आली. काचेवर टकटक करून म्हणाली, "वर ये ना गं. चिप स्वस्त कशी होते, हे मला कुणाला सांगता येत नाही. तू सांग."

गेले. मिचिको त्या गुरुवारी आल्या नव्हत्या. फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. लोकांनी प्रश्न विचारले, प्रकाश माझ्याकडे किती दिवसांनी असा बघत होता! परतताना मी खूश होते. मग लक्षात आलं, हेसुद्धा तिनेच दिलं... आणि पुन्हा आत काहीतरी टोचलं.

वर्षभरात प्रकाशला नोकरी लागली. सुमतीताईला कॉलेजने परत बोलावलं नाही. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. निदान माझ्याशी तरी नाही.

ती गेल्याला आता पाच-सहा आठवडे झाले. काल जेवताना टीव्हीवर कुणीतरी सांगत होतं की जपानने बाजार उघडलाच पाहिजे. अश्विनी मला नेहमी इंग्रजीत उत्तरं देते. काल तिने चमचा खाली ठेवला, मान जराशी तिरकी केली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "उघडला पाहिजे, असं कोण म्हणतंय ते आधी बघायचं, बाबा." ती मान, मधला तो थांबा... सगळं सुमतीताईचं. प्रकाशने घास तसाच हातात धरला. मी तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला आणि मराठीतच विचारलं, "का गं? मला नीट सांग."