डावा स्पीकर

माझा कान तयार आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. गाण्यासाठी नव्हे, मशीनसाठी. सातपूरच्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. सहा पॉवर प्रेस एकदम धडधडत असताना तिसऱ्या मशीनच्या डायला, म्हणजे पत्रा कापायच्या साच्याला, तडा जायला लागलाय, हे मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो आणि ते खरं निघायचं. त्याचीच शेखी मिरवत मी वीस वर्षं काढली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घरात आम्ही दोघंच उरलो आणि माझी जुनी हौस वर आली. खरखरणारा टू-इन-वन आता पुरे, चांगले, उंची स्पीकर घ्यायचे. बायकोला वॉशिंग मशीन हवं होतं, तिने तो विषय काढायचं बंद केलं. मी तिचा होकारच गृहीत धरला.

कॉलेज रोडच्या दुकानात साठीचा, हळू बोलणारा दुकानदार होता. त्याने दोन जोड्या ऐकवल्या. पहिलीतून सगळं रजईखालून आल्यासारखं वाटलं. दुसरी लख्ख होती, झांज झांजेसारखी वाजत होती. बायकोने मात्र पदर कानावर धरला.

"साहेब, ही दुसरी घरात टोचेल," दुकानदार म्हणाला. "एकदा वहिनींनाही विचारा."

"तिला भांड्यांचा आवाज कळतो," मी म्हणालो. असं बोलायची मला खोडच होती. दुकान अरुंद होतं. ऐकता ऐकता मी खुर्ची डावीकडच्या स्पीकरजवळ ओढली होती. का ओढली, याचा विचार केला नाही. दुसरी जोडी घेतली.

लावून द्यायला दुकानदार स्वतः आला. फरशीवर खडूने खुणा केल्या. भिंतीपासून दीड फूट पुढे, दोघांमध्ये सात फूट, माझी खुर्ची दोन्हींपासून सारख्या अंतरावर, स्पीकरची तोंडं किंचित खुर्चीकडे वळलेली. गाणारा माणूस बरोबर मधोमध उभा आहे असं वाटलं पाहिजे, तो म्हणाला. मला तर तो उजव्या स्पीकरमध्ये शिरून गातोय असं वाटत होतं.

डावा कमी वाजत होता. मी दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली, तरी डावीकडचाच कमी. वायरी बदलल्या, तरी तेच. दुकानदाराने दुसरा अॅम्प्लिफायर आणून लावला, तरी तेच. मग माझ्या कारखानी डोक्याने निकाल दिला की दोष खोलीचा आहे. डावीकडे खिडकी होती, तिला मी प्लायवूड ठोकलं. तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं. ती आजूबाजूच्या बायकांची ब्लाउजं शिवायची. आवाज त्या मशीनला अडतो म्हणून ते मी गॅलरीत ढकललं. आता हॉलमध्ये भरदुपारी दिवा लावावा लागे आणि ती गॅलरीत उन्हाकडे पाठ करून शिवत बसे.

"अहो, मला तर दोन्ही सारखेच ऐकू येतात," ती एकदा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? मी वीस वर्षं कानावर भाकरी खातोय."

ती परत त्यात पडली नाही. मी दुकानदाराला फोन करून लुच्चा म्हणालो. माझ्या गळ्यात खराब माल मारलास, म्हणालो. त्यावर तो नुसतं "रविवारी येतो" म्हणाला.

रविवारी दुपारी तो आला. या वेळी पिशवीतून पेचकस काढलाच नाही. "साहेब, खुर्ची उलटी फिरवा. पाठ स्पीकरकडे करून बसा."

मी कुरकुरत बसलो. त्याने तेच गाणं लावलं. "आता कमी कुठल्या बाजूला वाटतंय? नुसता हात वर करा."

मी ताबडतोब डावा हात वर केला. हात वर असतानाच कळलं. आता माझ्या डाव्या हाताला उजवा स्पीकर होता.

त्याने गाणं बंद केलं. बायकोने चहा आणून त्याच्यासमोर ठेवला. "एकदा कान दाखवून घ्या," तो म्हणाला, तेही अगदी सहज, स्पीकरवरची धूळ पुसून घ्या म्हणावं तसं. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

डॉक्टरांनी तपासलं. डावा कान बराचसा गेला होता. उजव्याला अजून ऐकू येत होतं, पण बारीक, उंच आवाज त्यालाही धड पकडता येत नव्हते. गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मग विचारलं, कानात काही घालता का? मी म्हणालो, घालतो, उजव्या कानात कापूस. डावा उघडा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे तशी रीतच होती. डाय बिघडायला लागली की आधी आवाज बदलतो, म्हणून एक कान मशीनला द्यायचा. मला माझ्या उस्तादाने शिकवलं, मी माझ्या हाताखालच्यांना शिकवलं. दोन्ही कान बंद करणाऱ्याला आम्ही घाबरट म्हणायचो. कानावर लावायचे मफ खुंटीला टांगलेले असत आणि इन्स्पेक्टर येईल त्या दिवशीच डोक्यावर चढत.

घरी येऊन शिलाई मशीन मी स्वतः आत आणलं आणि खिडकीचं प्लायवूड काढलं. "तुला माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर अंगावर आला असतात." ती दोऱ्याचं रीळ लावत होती. मला तिथे उभं राहवेना.

सोमवारी मी शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं, दोन्ही कानांत कापूस. चांदवडकडचा एक ऑपरेटर माझा सगळ्यात तयार गडी होता. तो म्हणाला, "साहेब, मंग डाय कशी आईकायची? तुमीच तर शिकवलं. आता लय अवघड व्हईल."

"नाही ऐकायची. मध्येमध्ये मशीन थांबवून बघायची."

त्याने दोन्ही कानांत कापूस घातला. आठ-दहा दिवसांनी त्याच्याच प्रेसवर डाय तडकली. त्याला कळलंच नाही, डायवर आदळणारा पंच तुटला आणि माल अडकला. मॅनेजरने मला बोलावलं. "तुमच्या शॉपमध्ये असं कधी होत नव्हतं," तो म्हणाला. डॉक्टरांचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो बाहेर काढला असता तर बहिरा सुपरवायझर प्रेस शॉपवर कोण ठेवणार होतं? नोकरीची आठ वर्षं बाकी होती. मी कागद काढला नाही. भ्यालो, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या ऑपरेटरच्या प्रेसपाशी गेलो. मशीन चालू होतं, बोलून उपयोग नव्हता. मी हात पुढे केला आणि त्याच्या डाव्या कानातला कापूस स्वतः काढला. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, हसला आणि पुढचा पत्रा डायवर ठेवला. साहेबांनी आपल्याला माफ केलं, असं त्याला वाटलं.