कॉट कुठे ठेवू?

आमची ही मेट्रन आहे. हॉस्पिटलातही आणि घरातही. मी शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. आयुष्यभर पायमशीन चालवून गुडघे कामातून गेले, म्हणून मोटरच्या मशीनसाठी एका डब्यात पैसे साठवत होतो. डबा कुठे असतो ते हिला ठाऊक होतं. पण पगार थकला तेव्हाही तिने त्याला हात लावला नाही.

हॉस्पिटल धर्मादाय, वीस कॉटांचं. प्रत्येक कॉटच्या डोक्याशी पितळेची पाटी, कुणाच्या तरी स्मरणार्थ. पूर्वी घरातलं माणूस गेलं की ऐपतदार लोक एक कॉट देत. ऐपत नसलेलेही काही देत. माझी आई त्या हॉस्पिटलात गेली, तेव्हा माझ्या वडिलांनी शिलाईच्या पैशातून एक दिली होती.

यंदा औषधवाल्याने उधारी बंद केली, धुलाईवाल्याने चादरी अडवल्या. औषध नाही म्हटल्यावर पेशंट आटले, आणि पेशंट आटल्यावर पैसा. विश्वस्तांनी हात वर केले. महिनाअखेर कुलूप, असं ठरलं. हिने अध्यक्षांना विचारलं, किती मिळालं तर कुलूप टळेल? ते म्हणाले, निम्म्या कॉटांचा वर्षाचा खर्च कुणी उचलला तर वर्ष निघेल. देणगीची पत्रं पाठवून ते थकले होते, त्यामुळे हसतच म्हणाले.

ही घरी आली आणि मला हातगाडी भाड्याने आणायला सांगितली.

"कशाला?" मी विचारलं.

"ज्याची त्याला परत करायला नको का?"

मला वाटलं, टेन्शनने हिचं डोकं फिरलं. पण हिच्यापुढे वाद म्हणजे दगडावर डोकं आपटणं. गाडी आणली. तिने रिकामी कॉट गाडीवर चढवली, पाटी पुढे दिसेल अशी. पहिलं घर लाकूडवाल्यांचं. भर रस्त्यात गाडी उभी करून हिने दार वाजवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या आजोबांच्या नावाची कॉट आहे. हॉस्पिटल बंद होतंय. कुठे ठेवू?"

पैशाचा शब्दही नाही! समोरच्या खिडक्या उघडल्या. लाकूडवाला एकदा कॉटकडे बघे, एकदा खिडक्यांकडे. शेवटी म्हणाला, बाई, परत न्या. ही म्हणाली, नेते की, पण कुलूपबंद दारात ठेवू कुठे? त्याने वर्षाचा खर्च कबूल केला आणि गाडी वळवायला स्वतः हात लावला.

मग काय, मला चटकच लागली. गुडघे विसरून मी गाडी ढकलायचो. कोण कसा लाजतो, कोण बायकोला पुढे करतो, हे बघत मिश्यांत हसायचो. सगळेच काही लाजले नाहीत. एका वकिलाने कॉट ठेवून घेतली आणि दार लावलं. ती अजून त्याच्या गच्चीवर आहे. एका घरात मुलगा ओरडून अंगावर आला. पण त्याचे म्हातारे वडील बाहेर येऊन कॉटवर बसले, ते काही केल्या उठेनात. पोराला कबूल व्हावंच लागलं. काही घरं तर बंदच होती, माणसं कुठल्या कुठे गेलेली.

शेवटच्या दिवशी दहाला एक कॉट कमी पडत होती. मी म्हटलं, आता कुणाकडे? ही पुढे चालू लागली. गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हा मी ढकलणं थांबवलं.

"तुम्ही आत जा," ही म्हणाली, "आणि दार लावून घ्या."

"अगं, घरच्या घरात कसली नाटकं?"

"सगळ्यांना एकच न्याय."

आत गेलो. दार वाजलं. उघडलं तर समोर ही, पांढऱ्या गणवेशात, परक्यासारखी. खिडक्या इथेही उघडल्या होत्या. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, तसं माझं चाललं होतं इतके दिवस.

"तुमच्या आईच्या नावाची कॉट आहे," ही म्हणाली. "हॉस्पिटल बंद होतंय. कुठे ठेवू?"

इतक्या वेळा ऐकलेलं वाक्य, आज माझ्याच दारात. मी पाटीकडे बघत राहिलो. बाकीच्या पाट्या काळ्या पडल्या होत्या. आईची मात्र लखलखत होती, घासून घासून अक्षरांच्या कडा झिजल्या होत्या. हिने सासू पाहिलीसुद्धा नाही. लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधी आई गेली. आणि ही ड्यूटीवर रोज ती पाटी पुसत होती, मला एका शब्दाने न सांगता. मला रडू आलं, आणि रागही आला, की हिने मला बरोबर पकडलं.

"परत ने," मी म्हणालो आणि डबा आणून हिच्या हातात दिला.

हॉस्पिटल चालू आहे. पुढच्या वर्षाचं काय, असं विचारलं की ही म्हणते, गाडीवाल्याला सांगून ठेवलंय. मी अजून पायमशीनच मारतो आणि दर टाक्याला हिला ऐकवतो. मात्र आईची कॉट कोपऱ्यात होती, ती खिडकीशी लावून घेतली. तेवढं मी भांडून मिळवलं.