गाडीत संत्रं नाही

"गाडीत संत्रं नाही!" तर्जनी नाचवत शेजारचे काका हे वाक्य म्हणायचे आणि समोरच्याला वाटायचं, या माणसाचं काहीतरी सटकलंय. मलाही तसंच वाटलं होतं. सिडनीतल्या क्वेकर्स हिलमध्ये त्यांच्या ड्राइव्हवेवर एक जुना जपानी ट्रक उभा असे. त्याच्या पाठीवर काकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली खोली होती. दोन बिछाने, शेगडी, पाण्याच्या दोन टाक्या, जगातल्या सगळ्या वस्तूंना तिथे जागा होती, फक्त संत्र्याला नव्हती. आता मी नागपूरची. तुम्हीच सांगा, मला राग येणार नाही का?

काका मूळचे पुण्याचे. तरुणपणी झांबियात तांब्याच्या खाणीवर इंजिनिअर होते, लग्नानंतरचा पहिला संसार तिथल्या कित्वे गावात झाला. मग ऑस्ट्रेलियात आले ते इथलेच झाले. रिटायर झाल्यावर नवरा-बायकोने हाच ट्रक बोटीने केप टाउनला पाठवला होता. ठरवलं होतं की वाळवंटातून, जंगलातून चालवत चालवत कित्वेच्या आपल्या जुन्या क्वार्टरपर्यंत जायचं. ते व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलापर्यंत पोचले. पूल ओलांडला की झांबिया. तिथूनच परत फिरले, आणि पुढच्या वर्षी काकू गेल्या. आम्ही राहायला आलो तेव्हा काका एकटेच होते.

ट्रकच्या आतल्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा होता. त्यावर काकूंनी लाल दोऱ्याने प्रवासाचा मार्ग शिवला होता. तो पुलाशी थांबायचा, आणि उरलेला दोरा सुईसकट तसाच लोंबत होता. काका तो रोज बघत असणार, पण त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. ट्रकच्या दाराला पत्र्याचं एक मोठं ठिगळ होतं. त्याबद्दल विचारलं की एवढंच म्हणायचे, "हत्तीची सही आहे ती."

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे फाटकाजवळचं ओलं पायपुसणं. बोत्स्वानात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून रस्त्यावर चौक्या असतात. तिथे गाडीतून उतरायचं, औषधात भिजवलेल्या पायपुसण्यावर चपला पुसायच्या, मगच पुढे जायचं. काकांना ती पद्धत इतकी आवडली की इथे आल्यावर त्यांनी फिनेल टाकून घरीच चौकी उघडली. पोस्टमनसुद्धा पाय पुसून पत्र टाकायचा. आम्ही खूप हसायचो. मग दोन हजार वीसचा मार्च उजाडला आणि आमचं हसू बंद झालं.

एप्रिलमध्ये ट्रक पुन्हा बोटीवर चढणार होता, या खेपेला डर्बनला. ते रद्द झालं. काकांनी टायरमधली हवा तपासली, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि म्हणाले, "नो वरीज. ट्रक काही नासत नाही."

आमच्या घरी मात्र वरीज होत्याच. माझ्या बाळंतपणासाठी आई फेब्रुवारीत आली होती. मार्चअखेर मुलगी झाली आणि त्याच सुमारास विमानं बंद झाली. नागपुरात बाबा एकटे. दोनदा हार्ट अटॅक येऊन गेलेला, कामाला येणारी बाई बंद, आणि स्वयंपाक म्हणाल तर चहाच्या पुढे गाडी नाही. फोनवर म्हणायचे, "मी एकदम मजेत आहे. आज दोडक्याची भाजी केली होती." आई फोन ठेवायची आणि डोळ्यांना पदर लावायची. "चाळीस वर्षांत या माणसाने दोडक्याला हात लावलेला नाही गं. काहीच खात नसणार."

मेमध्ये तिने बोलणंच सोडलं. बाळाला तेल लावायची, न्हाऊ घालायची, खिचडी टाकायची, आणि मागच्या अंगणात कुंपणाकडे तोंड करून बसून राहायची. मला ऑफिसचं काम होतं का? नाही, रजेवर होते, पण खोटं कशाला सांगू, आईकडे बघायला मला वेळ नव्हता आणि धीरही नव्हता. तिच्याकडे पाहिलं ते काकांनी.

"वहिनी," एका दुपारी कुंपणापलीकडून आवाज आला, "आज आपण नामिबियात आहोत. पुढे सगळी वाळू. टायरमधली हवा निम्मी कमी करावी लागेल, नाहीतर रुतलो."

आई दचकली. मग म्हणाली, "हवा कमी केली तर गाडी बसेल ना?"

"तिथेच तर गंमत आहे. मऊ वाळूत टणक राहून चालत नाही. चहा आहे का?"

त्या दिवसापासून रोज तीन वाजता प्रवास सुरू झाला. मध्ये कुंपण, अलीकडे आईची खुर्ची, पलीकडे काकांची. रोजचे ऐंशी-शंभर किलोमीटर व्हायचे. कुठे पाणी भरायचं, कुठे मुक्काम टाकायचा, गाडी सपाट उभी आहे की नाही ते वाटीभर पाणी ठेवून कसं बघायचं, हे सगळं आईला पाठ झालं. रात्री बाबांना फोनवर सांगायची, "अहो, आज सिंह दिसले." आणि बाबा विचारायचे, "किती?"

एकदा आईने कौतुकाने संत्र्यांची पिशवी कुंपणावरून दिली. "ट्रकमध्ये ठेवा भाऊ, प्रवासात खायला."

झालं! तर्जनी वर. "गाडीत संत्रं नाही! हत्तींना मैलावरून वास येतो."

"बाप्पा! क्वेकर्स हिलमध्ये हत्ती?"

"नियम तो नियम, वहिनी." पिशवी घेतली आणि घरात नेऊन ठेवली. आई आठवडाभर धुसफुसत होती. पण धुसफुसत का होईना, बोलत होती.

जूनमध्ये फोन आला. भारतात जाणाऱ्या खास विमानात आईला सीट मिळाली होती. पण सिडनीहून नव्हे, मेलबर्नहून, आणि तीन दिवसांनी. माझा नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्याची रजा मिळणं अशक्य. माझ्या कडेवर अडीच महिन्यांचं बाळ. इथल्या इथली विमानं जवळजवळ बंद, आणि आई इंग्रजी बोलायचं म्हटलं की गप्प होणारी. ही सीट गेली तर पुढची कधी, हे कोणीच सांगत नव्हतं. मी अंगणात उभी राहून रडत होते. आई मलाच समजावत होती, "जाऊ दे गं, नशीब."

कुंपणापलीकडून बॉनेट उघडल्याचा आवाज आला. काका बॅटरीची वायर जोडत होते. "नऊशे किलोमीटर," ते मान वर न करता म्हणाले. "उद्या सकाळी निघू. स्वयंपाकघर आहे, बिछाना आहे, कुठे हॉटेलची पायरी चढायला नको. वहिनी आत झोपतील, मी बाहेर तंबू टाकीन."

आईचं पहिलं वाक्य, "लोक काय म्हणतील?"

बाबा फोनवर होते. म्हणाले, "लोक सगळे घरात कोंडलेत. कोण बघतंय? तू ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे चारी टायरना बुटाने एकेक टप्पल मारली आणि आफ्रिकेसाठी बांधलेला तो ट्रक माझ्या आईला घेऊन मेलबर्नच्या ह्यूम हायवेला लागला. मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून. आई उंच सीटवर पर्स मांडीत धरून बसली होती. इतकी ताठ बसलेली मी तिला फार दिवसांनी पाहिली.

तिला विमानात बसवून काका चौथ्या दिवशी परतले. "झालं काम," म्हणाले आणि झोपायला गेले. वाटेत काय घडलं ते मला आईने सांगितलं, नागपूरला पोचल्यावर.

आई ती आई. तिने तांदळाच्या डब्यात सहा संत्री लपवून नेली होती. वाटेतल्या गोलबर्न गावाच्या अलीकडे काकांनी नाक वर केलं आणि गाडी बाजूला घेतली. आईला वाटलं, आता ओरडणार. पण काकांनी इंजिन बंद केलं. मग बोलायला लागले. त्या प्रवासात काकूंना सारखं मळमळायचं. काय झालंय ते तेव्हा माहीत नव्हतं. तोंडाला चव यावी म्हणून त्यांनी उशीखाली एक संत्रं लपवलं होतं. मुक्कामावर हत्ती आला आणि त्याने दार फोडलं. कोणाला लागलं नाही. पण काका काकूंवर ओरडले. चाळीस वर्षांत ओरडले नव्हते इतकं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊ या." पूल समोर दिसत होता. काका म्हणाले, "जाऊ या, तुझ्यामुळे." हेच त्यांचं शेवटचं मोठं भांडण.

"एका संत्र्यावरून, वहिनी," काका म्हणाले.

आईने डबा उघडला, एक संत्रं सोललं, आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. "खा भाऊ. त्यांनी पण अर्धं तुमच्यासाठी ठेवलंच असतं." रस्त्याच्या कडेला उभं राहून दोघांनी सहाच्या सहा संपवली.

बाबा पुढच्या एप्रिलमध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. मी जाऊ शकले नाही. ते दुःख वेगळं, ते माझ्यापाशीच राहू दे. पण त्याआधी आईला बाबांबरोबर दहा महिने मिळाले. सकाळचा चहा, दुपारचं वरण-भात, दोडक्यावरची चेष्टा. आई अजून म्हणते, "ते दहा महिने मला शेजारच्या भाऊंनी आणून दिले." मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते पायपुसण्यावर फिनेल ओतत होते. ओततच राहिले, अख्खी बाटली संपेपर्यंत.

दोन हजार बावीसमध्ये ट्रक डर्बनला गेला आणि मागोमाग काका. वय बहात्तर. निघताना माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, टायरऐवजी आमच्या फाटकाला बुटाने टप्पल मारली आणि गेले. ते अजून परतलेले नाहीत. कित्वेला त्यांच्या जुन्या क्वार्टरजवळ भाड्याने घर घेतलंय म्हणे. ड्राइव्हवेवर तेलाचा डाग आहे. त्यांच्या फाटकाजवळून जाताना माझी मुलगी अजून चपला पुसते.

पूल ओलांडल्यावर त्यांनी आईला एक फोटो पाठवला होता. नकाशावरचा लाल दोरा पुलापलीकडे गेलेला, टाके वेडेवाकडे, पुरुषी हाताचे. आणि खाली बिछान्यावर, काकूंच्या उशीशी, एक संत्रं.

सोबत एवढंच लिहिलं होतं, "वहिनी, हत्तींना सांगू नका."