न मागवलेलं कपाट

सुतार मुळातच कमी बोलायचा. त्यात बायको मिळाली ती दोघांच्या वाटणीचं बोलणारी, त्यामुळे उरलंसुरलं बोलायचीही त्याला गरज पडेना. गिऱ्हाईक आलं की तो रंधा मारत राहायचा आणि बायको विचारायची, "किती रुंद? किती उंच? आरसा हवा का?" गिऱ्हाईक हवेत हात पसरून "एवढं" म्हणायचं. त्या 'एवढं'ने सुतार आयुष्यभर गांजला होता. ते घरी पोचेपर्यंत वीतभर कमीजास्त व्हायचं आणि खापर सुताराच्या डोक्यावर फुटायचं.

मुलगी कॉम्प्युटरवर काम करायची. तिने कारखान्याची वेबसाइट केली होती. चार फोटो आणि फोन नंबर.

"ही नुसती भिंतीवरची पाटी झाली," ती एकदा म्हणाली. "लोकांना तिथे काहीतरी करता आलं पाहिजे."

तिने एक नवीन पान जोडलं. पडद्यावर एक रिकामं कपाट. खालची पट्टी सरकवली की ते रुंद व्हायचं, बाजूची सरकवली की उंच, तिरकी सरकवली की खोल. कप्पे बोटाने उचलून हवे तिथे ठेवायचे, खण जोडायचे, दारं उघडून बघायची. मनासारखं झालं की 'जतन करा' दाबायचं, पक्कं ठरलं की 'मागवा'. शिवाय पत्त्याला आणि दोन ओळी लिहायला जागा.

"म्हणजे बोलायला नको?" सुताराने विचारलं.

"अजिबात नको."

"मग बरं आहे." त्या आठवड्यातलं हे त्याचं सगळ्यात लांब भाषण असावं.

लोकांनी जतन केलेली कपाटं कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दिसत. चहा पिताना सुतार ती बघायचा. त्यातलंच एक कपाट एके दिवशी आलं, चांगलं डौलदार, वरचा कप्पा उंचावर. दुसऱ्या दिवशी तेच कपाट परत आलं, पण कप्पा खाली उतरलेला. खाली लिहिलं होतं, "सगळेच काही ताडमाड नसतात."

तिसऱ्या दिवशी कप्पा पुन्हा वर. "ज्यांचा हात पोचत नाही त्यांनी स्टूल घ्यावं."

चौथ्या दिवशी पुन्हा खाली. "स्टुलावरून पडले तर मला कुठल्या खणात ठेवणार?"

सुताराने बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि निकाल दिला, "नवरा उंच, बायको ठेंगणी. नवीन लग्न झालेलं दिसतंय."

त्या दिवसापासून जेवताना हाच विषय. बायकोने त्या नव्या नवरीची बाजू घेतली. सुतार स्वतः उंच, वाकून वाकून कंबर कामातून गेलेली, त्याला तो मुलगा पटायचा.

"जरा वाकलं तर काय बिघडतं त्याचं?"

"पन्नाशीनंतर कळतं."

"त्याची कुठे पन्नाशी झालीय?"

पुढे पुढे प्रकरण चिघळलं. एकाने मधल्या खणाला कुलूप लावलं. दुसऱ्याने ते काढून लिहिलं, "या घरात आजवर कुणी कुलूप लावलेलं नाही." आणि मग एक दिवस कपाट आलं ते मधोमध फळी घालून, दोन बाजूंना दोन वेगळी दारं.

"झाल्या वाटण्या," बायको म्हणाली. तिच्या घशाखाली घास उतरेना. "अहो, तुम्ही जाऊन या. माप घ्यायला आलोय म्हणा."

मुलीने सांगून पाहिलं, "आई, त्यांनी 'मागवा' दाबलेलंच नाही. नुसतं जतन करतात."

"संसार मोडायला बसलाय आणि तू बटणं मोजतेस?"

"मग तूच जा," सुतार म्हणाला.

"मी गेले तर तिच्या बाजूने भांडेन. तुम्ही गप्प तरी बसाल."

कपाटाबरोबर पत्ता आलेलाच होता. सुतार टेप खिशात टाकून निघाला. तीन जिने चढून त्याने बेल दाबली. दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या, सत्तरीच्या बाईंनी. त्यांच्या कोपराखालून दुसऱ्या बाई डोकावल्या, तेवढ्याच वयाच्या, ठेंगण्या आणि गोल.

"मी सुतार," तो म्हणाला. "कपाटाचं माप घ्यायला आलोय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ठेंगणी फसकन हसली. उंच बाई मात्र चोरी पकडल्यासारख्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

त्या नणंद-भावजय होत्या. उंच ती नणंद. भाऊ गेल्यावर दोघी एकत्र राहायला लागल्या. एकच खोली, दोन पलंग, एक टेबल, शिवणाचं मशीन आणि मधून तिरकं चालावं एवढी वाट.

"कपाट कुठे ठेवणार आम्ही?" भावजय म्हणाली. "हिच्या डोक्यावर? अहो, आम्हाला कपाट नकोच आहे. दुपारी जेवणं झाली की आम्ही खेळतो. आधी पत्ते खेळायचो, पण ही पानं लपवते."

"मी लपवत नाही. हिला पानं मोजता येत नाहीत."

"आणि ती मधली फळी?" सुताराने विचारलं.

"तो माझा डाव होता," नणंद जरा अभिमानाने म्हणाली. "हिला उत्तर सुचत नाहीये."

सुताराने त्या कपाटासाठी प्लायसुद्धा बाजूला काढून ठेवलं होतं. राग यायला हवा होता. पण कपाटाच्या एकेका कप्प्याचा इतका विचार करणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं, आणि इथे तर दोन होती. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"आमच्या खेळाने तुमचं काही बिघडतं का हो?" भावजयीने काळजीने विचारलं.

"जेवण बिघडतं," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. बायकोने केलेलं निदान, नवं लग्न, वाटण्या, घशात अडकलेला घास. सलग एवढं तो कधी बोलला नव्हता. नणंद हसून हसून डोळे पुसत राहिली, भावजयीला ठसका लागला.

बोलता बोलता त्याची नजर दारामागे गेली. दार पूर्ण उघडलं तरी भिंतीपाशी अरुंद जागा रिकामी राहत होती. त्याने टेप लावली.

"इथे बसेल एक. उंच, अरुंद."

"खोली किती?" नणंदेने विचारलं.

"वीतभर."

"म्हणजे आमच्या खोलीएवढीच," भावजय म्हणाली.

त्यांच्या फोनवर सुताराने पहिल्यांदाच स्वतः ते पान वापरून पाहिलं. रुंदी जमली, उंची जमली, खोलीची पट्टी मात्र हातभरावर येऊन अडली. त्याने मुलीला फोन लावला.

"पट्टी खाली येत नाही."

"बाबा, वीतभर खोलीचं कपाट कोण करतं?"

"आपण."

मुलीने पट्टी मोकळी केली. मग त्या वीतभर कपाटावरून आठवडाभर नवी जुंपली. शेवटी नणंद अंघोळीला गेलेली बघून भावजयीने 'मागवा' दाबलं, तेही कप्पा खाली असताना. नणंदेने सुताराला फोन करून रीतसर तक्रार केली. त्याने ती ऐकून घेतली आणि कपाटाच्या आत दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत भोकं पाडली. कप्पा लाकडी खुंट्यांवर टेकवला. हवा तेव्हा वर, हवा तेव्हा खाली.

कपाट बसवायला बायकोही बरोबर आली. तिला ते 'नवं जोडपं' बघायचं होतं. भावजयीशी तिचं असं काही जमलं की सुतार हत्यारं आवरून दाराशी उभा, तरी तिचा पाय निघेना. अखेर दोघं बाहेर पडली. पहिला जिना उतरतात न उतरतात, तोच वर खुंटी उपसल्याचा आवाज आला, मग कप्पा सरकल्याचा.

"थांबा, बघून येते कोण सरकवतंय," बायको वळली.

सुताराने तिचा दंड धरला आणि तिला हळूहळू खाली घेऊन गेला.