एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ

वंग छिउ-ह्वा यांनी आमच्या फंगहू बेटावर छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर दर निवडणुकीला देवळाच्या सभागृहात मतं पुकारायला त्याच असत. एकेक मतपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरायची आणि तिच्यावरच्या उमेदवाराचा नंबर खणखणीत सांगायचा. भिंतीवरच्या कागदावर रेघा ओढायचं काम माझं.

त्या जानेवारीत बाईंनी दोन नंबरचं एक मत चुकून ‘एक नंबर’ असं पुकारलं. समोरचे लोक ओरडले. बाईंनी पत्रिका पुन्हा वर धरली. “चुकले. दोन नंबर!” मीही रेघ खोडून योग्य जागी ओढली.

दुसऱ्या दिवशी तो प्रसंग फोनोफोनी फिरत होता, पण लोक ओरडायच्या आतच कापलेला. एकोणीस सेकंद, आणि खाली ‘मतांची चोरी’. कोण कुठली शेकडो खाती तो पसरवत होती. दुपारी समुद्रापलीकडच्या, आमच्या बेटांवर हक्क सांगणाऱ्या देशाच्या एका परराष्ट्र अधिकाऱ्यानेही तो स्वतःच्या खात्यावर टाकला: ‘हीच का तुमची लोकशाही?’

बाईंच्या भाच्याचा फोन आला. “मावशी, तू चुकलीच नाहीस असं सांग. सगळा बनाव आहे म्हण.”

“का म्हणून? चुकले होते ना मी!”

आठवडाभर त्या बाजारात फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी बाई वाऱ्यात टोपी सांभाळत, माकुल मासळी सुकवणाऱ्या आ-थ्यामकडे गेल्या. तो हरलेल्या पक्षाचा कट्टर माणूस. पहिल्या रांगेत बसून त्याने सगळी मोजणी फोनवर टिपली होती. मीही सोबत होतो.

“तुमची लबाडी पकडायला काढला होता व्हिडिओ,” तो म्हणाला.

“मग सापडली?”

“नाही ना! त्याचाच तर राग येतोय.”

संध्याकाळी त्याने तो अख्खा व्हिडिओ स्वतःच्या नावाने टाकला. ‘मी हरलेल्या बाजूचा. बाईंनी मत चोरलं नाही.’ त्याच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या, पण त्याने तो काढला नाही.

कापलेला व्हिडिओ लाखोंनी पाहिला, पुरा काही हजारांनी. बाईंना ते कळत होतं. तरी त्यांनी त्या अधिकाऱ्याला स्वतः उत्तर लिहिलं: ‘चूक माझी होती, ती सर्वांसमोर सुधारली. पुढच्या मोजणीला या. तिकीट नाही. वारा फार असतो, स्वेटर आणा.’

तासाभरात त्याने बाईंना ब्लॉक केलं. बाई पोट धरून हसल्या आणि मासळी आणायला बाजारात गेल्या.

पुढच्या निवडणुकीला मोजणी बघायला इतकी माणसं आली, की देवळाची दारं उघडी ठेवावी लागली. मतं बाईंनीच पुकारली.