जळबाने सोडलेली गाठ

हट्ट्याच्या पंचक्रोशीत विहिरीत कुणी सापडलं की जळबाला बोलावणं जायचं. साठी उलटली तरी खाली उतरायला दुसरा कुणी पुढे होत नसे. बघायला मात्र गाव लोटायचं. जळबाची एक रीत होती. मेलेलं माणूस तो तसंच वर आणत नसे. खालीच डोळे मिटवायचा, कपडे सारखे करायचा, केसांतला पाला काढायचा. वर घरचे उभे असतात, त्यांनी काय बघावं याची काळजी त्याला. ही माया त्याला कुणी शिकवली नव्हती, आणि पुराव्याला हात लावू नये हेही कुणी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मंजुळाबाईची कोमल कोरड्या विहिरीत सापडली. चार दिवस झाले होते. हात मागे नायलॉनच्या दोरीने बांधलेले. वरून मंजुळाबाईचा टाहो ऐकू येत होता. जळबाने गाठीला हात घातला. गाठ करकचून बसलेली. बोटांनी सुटेना तेव्हा त्याने दात लावले. हात मोकळे करून पोटावर ठेवले, पोरगी वर दिली, आणि दोरी इमानदारीने जमादाराच्या हवाली केली.

संशय कोमलच्या नवऱ्यावर, रामप्रसादवर होता. हात लावला की कातडीचे बारीक कण मागे राहतात आणि त्यांवरून माणूस ओळखता येतो, हे जळबाला तेव्हा कळलं. गाठीच्या आत ते जास्त टिकतात म्हणे. दोरी तपासायला गेली. जुळवून बघायला जळबाच्या तोंडातला नमुनाही घेतला. दीड वर्षाने अहवाल आला. गाठीत जळबाचेच कण आणि जळबाचीच थुंकी. त्याखाली आणखी कुणाचं काही असलंच, तर ते ओळखण्याजोगं उरलं नव्हतं.

कोर्टात रामप्रसादच्या वकिलाने विचारलं, "हात बांधलेले होते, हे तुम्हाला सोडून कुणी पाहिलं?"

"न्हाई, साहेब."

फोटो वर आणल्यानंतरचे होते. चार दिवसांच्या उन्हाने मनगटांची अशी दशा झाली होती, की डॉक्टरांनाही खात्रीने सांगता आलं नाही. रामप्रसाद सुटला. फाटकाबाहेर पेढेसुद्धा वाटले मेल्याने.

मंजुळाबाई लिंबाखाली बसली होती. जळबा समोर जाऊन उभा राहिला. तिने शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, असं त्याला फार वाटत होतं.

"काहून सोडली, भाऊ?" तिने हळूच विचारलं.

"तुमी वर उभ्या व्हत्या, बाई. लेकरू तसं बघून तुमचा जीव गेला असता."

मंजुळाबाईने पदराने तोंड पुसलं.

"बघू द्यायचं व्हतं ना, भाऊ. माय हाय मी. कोर्टात सांगायला आपून दोघं झालो असतो."